आमच्या घरी माता येऊन गेली

माझ्या मुलाच्या पाठीवरचा पहिला फोड मला एका शुक्रवारी संध्याकाळी दिसला. मार्च नुकताच लागला होता. शाळेतून आल्यापासून पोरगं कुरकुरत होतं, जेवायला नको म्हणत होतं. शर्ट काढून त्याला पंख्याखाली बसवलं, तर मानेच्या खाली पाण्याचा थेंब चिकटावा तसं काहीतरी दिसलं. पदरानं पुसायला गेले, पुसलं जाईना. मग दुसरा दिसला, काखेजवळ. तिसरा केसांत.

"घामोळ्या असतील," नवरा म्हणाला. तो इतवारीत भांड्यांच्या दुकानात कामाला आहे, नुकताच घरी येऊन पाणी पीत होता.

"घामोळ्या नाही. कांजिण्या आहेत."

"म्हणजे माता आली म्हण ना."

त्याच्या स्वतःच्या नाकावर लहानपणच्या मातेचा एक खड्डा आहे. त्यानं लगेच चप्पल घातली आणि चौकातल्या कडुलिंबाचे दोन डहाळे तोडून आणले. दाराला एक लावला, एक मुलाच्या उशाशी ठेवला. मी अठरा वर्षांपासून नर्स आहे. खाज कमी करायचं गुलाबी औषध कपाटातून काढलं, ताप मोजला, आणि त्याच हातानं कढईत तापत असलेलं तेलही उतरवून ठेवलं. माता घरात असेपर्यंत फोडणी द्यायची नाही, हे आईनं शिकवलेलं. त्याला काही अर्थ नाही हे मला माहीत आहे. पण आई गेल्यावर तिच्या ज्या थोड्या गोष्टी माझ्या हातात उरल्या, त्यातली ही एक. ती सोडायला मन होत नाही.

मी ज्या वॉर्डात काम करते, तिथं रक्ताचा कॅन्सर झालेली मुलं असतात. औषधांनी त्यांच्या अंगातली ताकद इतकी खाली आलेली असते, की आपल्या मुलांना आठ दिवस घरी बसवणारी माता त्यांचा जीव घेऊ शकते. हे मला पाठ आहे. नवीन आलेल्या मुलींना मीच शिकवते. तरी त्या रात्री मी शांत झोपले, कारण मला स्वतःला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या. ज्याला एकदा येऊन गेल्या त्याला सहसा पुन्हा येत नाहीत, आणि तो त्या दुसऱ्याकडे नेतही नाही. कामावर रुजू होताना भरलेल्या कागदावर तसा प्रश्न होता, आणि त्यापुढे मी "हो" अशी खूण केली होती. त्या "हो"मुळेच मला तेव्हा लस दिली नव्हती. मुलाची लस मात्र माझ्या आळसामुळे राहिली. सरकारी यादीत ती नाही, पुढच्या महिन्यात देऊ, असं म्हणता म्हणता तो चौथीत गेला.

शनिवारी मी कामावर गेले. रविवारी सुट्टी. सोमवारी गेले, मंगळवारीही.

वॉर्डात तेव्हा एक मुलगी होती, सात वर्षांची. कोराडीची. तिचे वडील तिथल्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होते, आणि तिची आई चार महिन्यांपासून वॉर्डातल्या एका खुर्चीत राहत होती म्हटलं तरी चालेल. मुलीच्या डोक्यावरचे केस गेले होते. भुवयाही विरळ झालेल्या. पण तोंड सारखं चालू. तिला बाहेरचं काही खायला मनाई होती, सगळं उकडलेलं, तिथल्याच स्वयंपाकघरातून झाकून आणलेलं. म्हणून रोज सकाळी मी सुई लावायला गेले की तिचा पहिला प्रश्न असायचा, "आज डब्यात काय?"

आणि मला सांगावं लागायचं. नुसतं नाव सांगून भागायचं नाही. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, म्हटलं की ती विचारायची, सांबार किती घातला, पोळी पातळ लाटली की जाड, तळताना फुटली का. मी सांगत राहायची आणि सांगता सांगता सुई आत जायची. दुसऱ्या कुणाच्या हातून ती सुई लावून घ्यायची नाही असं नव्हतं. लावून घ्यायची, पण रडून. माझ्याकडे रडायची नाही. एवढ्याशा गोष्टीचा माणसाला केवढा गर्व होतो! मला होता.

मंगळवारी दुपारी घरी आले, आंघोळ केली, आणि मुलाच्या फोडांना औषध लावायला बसले. आता अंगभर झाले होते. तो पालथा पडून विचारत होता.

"आई, याचे डाग राहतात का?"

"सगळे नाही राहत. एखादा राहतो. बाबांच्या नाकावर बघ ना."

"तुझा कुठं आहे?"

हातातला कापूस खाली ठेवून आरशासमोर गेले. कपाळ पाहिलं, मान पाहिली, बाह्या वर करून दंड पाहिले. एक्केचाळीस वर्षांचं अंग, त्यावर भाजल्याचा डाग होता, टाके होते, पण मातेचा एकही नव्हता. डाग नसला म्हणून आली नव्हती असं नाही, हे मला कळत होतं. पण पहिल्यांदाच मी स्वतःला विचारलं की मला हे सांगितलं कुणी? मला आठवत तर काहीच नव्हतं. ना ताप, ना खाज, ना अंथरूण.

आई असती तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं. कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात, तेव्हा मागावर कोणत्या काठाचं लुगडं लागलं होतं ते सुद्धा. आमचं घर विणकरांचं. बाबा खड्ड्यातल्या मागावर बसायचे आणि आई कांड्या भरून द्यायची, आणि घरातली प्रत्येक गोष्ट तिला त्या त्या वेळच्या लुगड्यावरून आठवायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. बाबा तर त्याच्याही आधी गेले. माझ्या लहानपणच्या अंगाची माहिती असलेलं माणूसच उरलं नव्हतं. त्या दुपारी मला आईची जी आठवण आली ती रडू आणणारी नव्हती. एखादं कपाट उघडावं आणि आत काहीच नसावं, तसं झालं.

मग ताई आठवली. माझी मोठी बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लग्न होऊन रायपूरला गेली त्याला आता बावीस वर्षं झाली. संध्याकाळी तिला फोन लावला.

"ताई, मला माता कधी आली होती गं?"

"तुले?" ती म्हणाली. रायपूरला इतकी वर्षं राहून तिची बोली तशीच आहे, माझीच वॉर्डात राहून पुसट झाली. "तुले कुठं आली वं माता? माता मले आली होती."

"अगं, आई म्हणायची ना, आपल्या घरी माता येऊन गेली म्हणून."

"घरी येऊन गेली म्हणे. मी घरातली नव्हती का?"

"मग मी कुठं होते?"

"तू कुहीले होती. मावशीकडे. मले फोड दिसले त्याच दिवशी बाबांनी तुले उचललं आन् एसटीत बसवून नेऊन सोडलं. चांगली महिनाभर होती तिथं. विसरली का?"

विसरले नव्हते. कुहीचा तो महिना माझ्या लहानपणातला मला सगळ्यात लख्ख आठवणारा महिना आहे. मी तेव्हा सहा वर्षांची. मावशीच्या घरामागे धानाच्या तणसाचे ढीग होते, त्यावरून आम्ही घसरायचो. सकाळी मोहफुलं वेचायला जायचो, त्यांचा तो गोड, जड वास बोटांना दिवसभर राहायचा. पण त्या महिन्याच्या मध्यभागी एक काटा होता आणि तो इतकी वर्षं मी कुणालाच दाखवला नव्हता. दर रविवारी बाबा यायचे. मी स्टॅंडच्या दिशेनं येणारी वाट सकाळपासून धरून बसायची. ते यायचे, आणि अंगणाच्या कुंपणापाशी थांबायचे. आत यायचे नाहीत. मी धावत गेले की हात पुढे करून म्हणायचे, "तिथंच थांब." चिवड्याची पुडी कुंपणाच्या खांबावर ठेवायचे, मावशीशी चार शब्द बोलायचे आणि परत जायचे. मला उचलून घेतलं नाही. डोक्यावर हात ठेवला नाही. कुहीला येण्याच्या आदल्याच दिवशी मी मागापाशी खेळताना ताण्याचे धागे तोडले होते. मला वाटलं, बाबा त्याचा राग धरून आहेत, आणि त्या रागापायीच त्यांनी मला दुसऱ्याच्या घरी ठेवलं आहे.

हे मी ताईला सांगितलं. फोनवर, इतक्या वर्षांनी, पहिल्यांदा.

ती म्हणाली, "कसा राग वं? ते माझ्याजवळ झोपत होते ना. माझी खाज, माझं सगळं तेच पाहत. आई तेव्हा तापानं पडली होती. बाबांले वाटे, आपल्या कपड्यातून ते तुले लागन. कुहीले जायच्या आधी दोनदा आंघोळ करत. आन् परत आले की आई विचारे, पोरगी कशी आहे, तर म्हणत, लांबून पाहिली, बरी आहे."

लांबून पाहिली. बरी आहे.

बाबा त्यानंतर पंचवीस वर्षं होते. नर्सिंगला प्रवेश घेतला तेव्हा ते माझी लोखंडी पेटी डोक्यावर घेऊन हॉस्टेलपर्यंत आले होते. एकदाही विचारलं नाही मी त्यांना. विचारावं असं वाटण्याइतका तो काटा मोठा नव्हता, आणि विसरून जावा इतका लहानही नव्हता. आता विचारायला कुणी नव्हतं आणि उत्तर हातात आलं होतं.

पण रडत बसायला वेळ नव्हता. मला कांजिण्या आल्याच नव्हत्या, आणि मी तीन दिवस त्या मुलांमध्ये काम करून आले होते.

बुधवारी सकाळी मी वॉर्डात न जाता बाहेरच्या जिन्यापाशी थांबले आणि इन्चार्ज सिस्टरना निरोप पाठवला. त्या निवृत्तीला आलेल्या, बोलायला कडक. त्या बाहेर आल्या तर मी चार पावलं मागे सरकले. सगळं सांगितलं. मुलाला कधी पुरळ आलं, मी कधी कधी कामावर आले, कागदावरचं "हो" कसं चुकीचं होतं.

"तुम्ही, सिस्टर?" त्या म्हणाल्या. "नवीन पोरींनी केलं असतं तर मी समजले असते."



त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरावर बोट ठेवलं. "पुरळ यायच्या दोन दिवस आधीपासून मूल दुसऱ्याला आजार देतं. म्हणजे तुमचा पहिला दिवस मागचा बुधवार. आठव्या दिवसाच्या आत तुमच्यापासून दुसऱ्याला होत नाही." बोट एकेका चौकोनावरून पुढे सरकत होतं. "आज सातवा," त्या म्हणाल्या. "तुम्ही उद्या सांगितलं असतं तर काय केलं असतं आपण?"

रक्ताच्या तपासणीला खाली पाठवलं. लस आधीच घ्यायला हवी होती, आता उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. घरात मूल आजारी असेपर्यंत रोजच संपर्क, म्हणून सुट्टी तीन आठवड्यांहून जास्त. "रिपोर्ट येईपर्यंत सुद्धा पाऊल ठेवायचं नाही," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, आणि मग जरा हळू आवाजात, "बरं केलं सांगितलं. न सांगणारे पुष्कळ असतात."

आदल्या दिवशी आत राहिलेली पर्स घ्यायला मला टोपी-मास्क लावून वॉर्डाच्या काचेच्या दारापर्यंत जावं लागलं. आत ड्युटीवर असलेल्या पोरीनं ती बाहेर आणून दिली. काचेतून कोराडीच्या मुलीचा पलंग दिसतो. तिनं मला पाहिलं. दोन्ही हातांनी डबा उघडल्याची खूण केली आणि हनुवटी वर करून विचारलं, काय आहे? मी हात हलवला आणि निघाले. त्या दिवशी डब्यात काय होतं ते मलाच आठवत नव्हतं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. माझ्या रक्तात कांजिण्यांविरुद्ध काहीही नव्हतं. ताई खरं बोलत होती.

घरी बसणं म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मुलाचे फोड सुकत चालले, तो पलंगावर बसून चित्रं काढू लागला. त्याच्याजवळ मनसोक्त बसायला मिळत होतं, आणि तरी सकाळी सात वाजले की माझे पाय आपोआप दाराकडे वळायचे. आता सुया निघाल्या असतील. आता ताप मोजत असतील. मी हाताला काम लावायला तांदूळ निवडायची आणि निवडलेले पुन्हा निवडायची.

चौथ्या दिवशी इन्चार्ज सिस्टरांचा फोन आला. "तुमची लाडकी सुई लावू देत नाही. दोन मिनिटं बोला, मी फोन धरून उभी आहे."

मग तिचा आवाज, "आज डब्यात काय?"

"आज नुसतं वरण-भात. वरणाला फोडणी नाही."

"फोडणी काहून नाही?"

"आमच्या घरी एक पाहुणी आली आहे. तिला फोडणीचा वास चालत नाही."

"किती दिवस राहते?"

"राहील थोडे दिवस."

मागे कुणीतरी टेप फाडल्याचा आवाज आला. मग तिनं एकदम विचारलं, "तू माझ्यावर रागावली का? मी त्या दिवशी गोळी थुंकली म्हणून?"

तिनं गोळी थुंकली होती हे मला आठवतही नव्हतं.

"नाही गं," मी म्हणाले. "ऐक माझं. मी रागावले नाही. जराही नाही. आमच्या घरच्या पाहुणीपासून तुला आजार होईल, म्हणून मी येत नाही. मला यायचं आहे. कळलं का? मला रोज यायचं असतं."

"हो," ती म्हणाली, आणि लगेच, "आई गं!" सुई गेली होती.

दोन दिवसांनी कळलं, तिला ताप आला आहे. वॉर्डात ताप येणं नवीन नाही. तरी मी इन्चार्ज सिस्टरना फोन केला, दर चार तासांनी केला. शेवटी त्या चिडल्या. "तुमच्यामुळे असतं तर इतक्या लवकर दिसलं नसतं, हे तुम्हीच मुलींना शिकवता ना? रक्तात जंतू निघालेत. औषध बदललंय. आता मला काम करू द्या." मला ते कळत होतं. पण कळणं डोक्यात होतं आणि भीती पोटात. तिसऱ्या दिवशी तिचा ताप उतरला. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

मुलाच्या खपल्या पडल्या, तो शाळेत जाऊ लागला, आणि मला वाटायला लागलं की सुटले. नेमका त्याच दिवशी सकाळी आंघोळ करताना पोटावर पाण्याचा थेंब दिसला. हातानं पुसला. पुसला गेला नाही.

मी ओल्या अंगानं तशीच उभी राहिले आणि दिवस मोजले. कांजिण्यांचा माणूस फोड दिसायच्या दोन दिवस आधीपासून दुसऱ्याला आजार देतो. त्या मंगळवारी मुलानं मला तो डागाचा प्रश्न विचारला नसता, तर आदल्या दोन्ही दिवशी मी त्या पलंगांमध्ये वाकून सुया लावत असते.

मोठ्या वयात माता फार छळते. गोळ्या लगेच सुरू केल्या तरी ताप चार दिवस उतरला नाही. तोंडात, घशात, पापण्यांच्या आत फोड. नवरा दुकान सोडून घरी बसला. मुलगा माझ्या उशाशी बसून कडुलिंबाच्या डहाळीनं वारा घालायचा आणि मला दटावायचा, "खाजवू नको, डाग राहतो." मला काही नको होतं, फक्त आई हवी होती. एक्केचाळीस वर्षांची बाई, अठरा वर्षांची नोकरी, आणि तापात मी आईला हाका मारत होते असं नवरा नंतर म्हणाला. त्यानंच ताईला फोन केला असावा.

ती तिसऱ्या दिवशी दुपारी दारात उभी राहिली. हातात एक पिशवी, चेहरा उन्हानं लाल.

"ताई, तू कशाला आलीस? तुझ्या घरी..."

"मले येऊन गेली आहे," ती म्हणाली. "मी लागन तितकी जवळ बसू शकतो."

आणि बसली. आठ दिवस बसली. माझं डोकं मांडीवर घेऊन फोडांना औषध लावलं, भात मऊ कालवून चमच्यानं भरवला. एका दुपारी मी तिला विचारलं, "मी कुहीला होते तेव्हा तू काय करत होतीस?"

"तुया नावानं रोज रडत होती," ती म्हणाली. "मले वाटे, तुले गम्मत करायले पाठवलं आन् मले इथं कोंडून ठेवलं. तू आली तर दोन दिवस तुयाशी बोलली नाही."

"हे मला आठवत नाही."

"मले आठवते ना," ताई म्हणाली आणि हसली.

खपल्या धरल्यावर तिनं मला न्हाऊ घातलं. कडुलिंबाचा पाला घालून पाणी उकळलं, मोरीत पाट ठेवला, आणि आई घालायची तसं डोक्यावरून हळूहळू तांब्या ओतला. दही-भाताचा नैवेद्य दाखवून मातेची पाठवणी केली. मग कढई चढवली. मोहरी तडतडली तसा मुलगा खोलीतून धावत आला. रायपूरची गाडी संध्याकाळी होती. स्टेशनावर गाडी सुटेपर्यंत ती डब्याच्या दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. घरी आल्यावर मी एक वही काढली आणि मुलाच्या नावानं पहिल्या पानावर लिहिलं, कोणत्या वर्षी काय झालं, कोणती लस झाली, कोणती राहिली. खाली लिहिलं, कांजिण्या येऊन गेल्या. तुलाच आल्या होत्या.

मी वॉर्डात परतले तेव्हा एप्रिल अर्धा झाला होता. त्या पलंगावर दुसरी मुलगी होती, उमरेडची, चार वर्षांची, मला पाहून भोकाड पसरणारी. कोराडीची मुलगी पंधरा दिवसांपूर्वी घरी गेली होती. मोठे डोस संपले, आता गोळ्या आणि महिन्यातून एकदा तपासणी. "जाताना दाराशी थांबली होती बराच वेळ," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. "तिला वाटलं, तुम्ही येणार." एवढंच सांगून त्या कागद चाळायला लागल्या.

मी इतक्या मुलांना घरी जाताना पाहिलं आहे. टाळ्या वाजवतो आम्ही, कधी पेढा. तिच्या वेळी मी घरी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. यात दुःख करण्यासारखं काही नाही. ती बरी होऊन गेली, याहून काय हवं? तरी पुष्कळ दिवस सकाळी डबा भरताना मी तो मनातल्या मनात कुणाला तरी सांगत राहिले.

मे महिन्यात एका दुपारी खालून निरोप आला की ती तपासणीला आली आहे. जेवणाच्या सुट्टीत मी मास्क खिशात टाकून जिना उतरले. बाकावर आईजवळ बसली होती, पिवळ्या फ्रॉकमध्ये, डोक्यावर केसांची बारीक लव आलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. चार महिन्यांत तिनं माझा चेहरा एकदाही पाहिला नव्हता. टोपी आणि मास्कच्या मधले डोळे, तेवढीच मी.

"काय वं, ओळखलं नाही का?" मी म्हणाले.

ती आवाजाच्या दिशेनं वळली. बाकावरून उतरून अगदी जवळ आली आणि माझ्या चेहऱ्याकडे मन लावून पाहू लागली, हनुवटीपासून कपाळापर्यंत.

"तुयं नाक असं आहे?" ती म्हणाली.

मी हसले. तिची आई हसली. मला तिला खूप काही विचारायचं होतं, पण तिचा नंबर पुकारला गेला आणि आई तिला हाताला धरून आत घेऊन गेली. मी दाराबाहेर थांबले. सुट्टीची दहा मिनिटं उरली होती, ती संपली, वर जायची वेळ झाली. दार अजून बंदच होतं. आतून तिचा आवाज येत होता, डॉक्टरांना काहीतरी विचारत होती. थोडा वेळ ऐकलं, आणि वर गेले.